अपोलो बंदरावरची शिडे

[दृश्य : अपोलो बंदर, सकाळ. धक्क्याच्या पायऱ्या, प्रवासी बोटींची गर्दी.]

गेटवे ऑफ इंडियाकडे पाठ करून समुद्राकडे पाहिले की आधी नजरेत भरतात त्या घारापुरीला आणि मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी बोटी. त्यांच्या पलीकडे आणि नौदलाच्या करड्या जहाजांच्या अलीकडे काही लहान होड्या नांगरून ठेवलेल्या दिसतात. त्यांना छत नाही, इंजिनाची घरघर नाही, आणि त्यांच्या नावाने कोणी तिकिटाची हाळीही देत नाही. त्या शिडाच्या शर्यतीच्या होड्या आहेत. मागे वळले की रस्त्यापलीकडे जी दगडी इमारत दिसते, ती रॉयल बॉम्बे यॉट क्लबची. क्लबातली माणसे एकमेकांशी आणि शहराशी कशी बांधली जातात हे पाहायचे, तर दालनातल्या खुर्च्यांपेक्षा होड्यांवर कॅमेरा ठेवलेला बरा, असे आम्हांला वाटले.

[दृश्य : लाकडी होडी, जवळून. तांडेलाचे हात.]

ही ‘सीबर्ड’ वर्गाची, म्हणजे एकाच ठरलेल्या बनावटीच्या होड्यांच्या गटातली, लाकडी होडी. शर्यत दुपारची असली तरी तांडेल, म्हणजे होडी सांभाळणारा जाणता खलाशी, सकाळपासून हिच्यावर आहे. लाकडी होडीत थोडेफार पाणी झिरपतेच. ते त्याने आधी उपसून काढले. आता तो शिडाच्या मागच्या कडेला शिवलेल्या अरुंद कप्प्यांत लवचीक पट्ट्या एकेक करून सरकवत आहे. या पट्ट्यांमुळे शिडाचा फुगार हवा तसा राहतो; त्या नसल्या तर कड फडफडत राहते आणि हाती आलेला वारा निसटून जातो. त्यानंतर कप्पीतून जाणारा प्रत्येक दोर तो बोटांमधून ओढून पाहतो, कारण झिजू लागलेला पीळ डोळ्यांच्या आधी बोटांना कळतो. शेवटी शीड डोलकाठीवर पूर्ण चढवून, होडीचे तोंड वाऱ्याकडे ठेवून, तो ते क्षणभर फडफडू देतो आणि पुन्हा खाली घेतो.

मुंबई बंदरातले तांडेल आणि खलाशी पिढ्यान्‌पिढ्या कोकणच्या खाडीकाठच्या गावांतून येत आले आहेत. शर्यतीच्या निकालपत्रकावर सुकाणू धरणाऱ्याचे नाव येते. पट्ट्या कोणी सरकवल्या आणि दोर कोणी तपासले हे लिहिण्याची पद्धत नाही. या चित्रफितीत हे हात जरा जास्त वेळ दिसतील, ते त्यामुळेच.

[दृश्य : जुनी छायाचित्रे. समुद्रकाठची हिरवळ, वेताच्या खुर्च्या.]

हा क्लब १८४६ साली स्थापन झाला आणि १८७६ मध्ये त्याच्या नावामागे ‘रॉयल’ ही उपाधी लागली. १८८१ मध्ये अपोलो बंदरावर अगदी पाण्याला लागून क्लबाची वास्तू उभी राहिली. तेव्हा गेटवे नव्हते, ताजमहाल हॉटेलही नव्हते. विलायतेहून येणाऱ्या आगबोटीवरच्या माणसाला किनाऱ्यावर हिरवळ आणि तिच्यावर चहा घेत बसलेले गोरे सभासद दिसत. त्या काळच्या मुंबईतील इंग्रज समाजात संध्याकाळी या हिरवळीवर दिसणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. कोणाची बदली झाली, कोणाचे लग्न ठरले, कोणता अधिकारी सुटीवर चालला, याची देवघेव इथे होत असे. १८९८ मध्ये रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला सभासदांच्या निवासाची इमारत पूर्ण झाली. सरकारी वास्तुविशारद जॉन ॲडम्स यांच्या आराखड्याप्रमाणे बांधलेल्या या इमारतीचे उतरते छप्पर, दगडी कमानी आणि कोपऱ्यावरचे मनोरे आजही कॅमेऱ्याला सोडवत नाहीत.

या छायाचित्रांत भारतीय माणूस शोधायला गेले तर तो हातात तबक घेतलेला किंवा होडीत दोर धरलेला सापडतो. भारतीयांना सभासदत्व नव्हते, मग तो गिरणीमालक असो की संस्थानिक. या अपमानावर उतारा म्हणूनच पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात गव्हर्नर विलिंग्डन यांच्या पुढाकाराने भारतीय आणि युरोपीय अशा दोघांना खुला असलेला विलिंग्डन क्लब शहरात उभा राहिला. यॉट क्लबाची हिरवळ मात्र होती तशीच राहिली.

[दृश्य : जुन्या क्लबाची इमारत, आजची. झाडांआडून दिसणाऱ्या कमानी.]

स्वातंत्र्यानंतर हे सगळे झपाट्याने बदलले. इंग्रज सभासद मायदेशी परतले, समुद्राकाठची मोठी वास्तू सांभाळणे अवघड झाले आणि १९४८ मध्ये क्लब आपल्याच निवासी इमारतीत येऊन राहिला. रिकाम्या झालेल्या जुन्या वास्तूचे पुढे जे झाले ते कोणाला सुचलेही नसते. १९४९ मध्ये होमी भाभा यांची टाटा मूलभूत संशोधन संस्था पेडर रोडवरून तिथे आली, आणि ज्या दालनांत गोऱ्या सभासदांच्या मेजवान्या झडल्या त्या दालनांत भौतिकशास्त्राच्या आणि गणिताच्या फळ्यांवर खडू उमटू लागले. १९६२ मध्ये संस्थेची कुलाब्याच्या टोकाला नवी वास्तू सुरू झाली. अणुऊर्जा खात्याची कचेरीही याच जुन्या वास्तूत होती, आणि त्या खात्यात ही इमारत ‘ओल्ड यॉट क्लब’ याच नावाने ओळखली जाते.

नव्या जागी आलेल्या क्लबात भारतीय सभासद वाढत गेले. त्यांत पारशी होते, नौदलातले अधिकारी होते, व्यापारी होते. तरी एक सूचक आणि एक अनुमोदक लागतोच, प्रवेशासाठी वाट पाहावी लागतेच, आणि वर्गणी सर्वांना झेपणारी नसते. असल्या क्लबांना ‘खुले’ म्हणणे धाडसाचे होईल. शर्यतीच्या दिवशी मात्र हिशेब थोडा बदलतो, कारण अशा होडीला दोन-तीन माणसे लागतात आणि मालकाच्या ओळखीतली सगळीच माणसे दर आठवड्याला मोकळी नसतात. मग कोणाचा तरी पुतण्या, कोणाच्या कचेरीतली एखादी मुलगी किंवा पोहता येणारा एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी होडीवर घेतला जातो. दोर कोणत्या वेळी सोडायचा हे ज्याला कळते त्याला दुसऱ्या आठवड्यातही बोलावणे येते, आणि तिथे आडनाव विचारले जात नाही. शहराशी या खेळाचा खरा संबंध जुळतो तो असा, दारातून नव्हे तर धक्क्यावरून, आणि आमच्या मते त्याचे श्रेय होडीला जाते, क्लबाच्या घटनेला नाही.

[दृश्य : दुपार. पंचांची नौका, झेंडे, रेषेजवळ घोटाळणारी शिडे.]

हिवाळ्यात मुंबईला सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो. तो दुपारच्या सुमारास पडतो, थोडा वेळ पाणी तेलकट दिसू लागते, आणि मग वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. या वाऱ्याची वाट पाहूनच दुपारच्या शर्यती ठेवल्या जातात. कुलाब्याच्या इमारती ओलांडून येणारा वारा किनाऱ्याजवळ तुटक मिळतो, त्यामुळे बंदरात थोडे आत गेल्याशिवाय शिडे नीट भरत नाहीत.

पंचांच्या नौकेवर सभासदच असतात, आणि आज खेळायचे सोडून दुसऱ्यांच्या वेळा लिहिण्याची पाळी ज्यांच्यावर आली आहे त्यांचे चेहरे पाहण्यासारखे आहेत. सुरुवातीला पाच मिनिटे उरली असताना त्या वर्गाचा झेंडा चढतो. चार मिनिटे उरली की दुसरा झेंडा चढतो. पडद्यावर दिसतो आहे तो निळा, मध्ये पांढरा चौकोन असलेला. शेवटचे एक मिनिट राहिले की तो उतरतो, आणि वर्गाचा झेंडा उतरताक्षणी शर्यत सुरू होते. भोंगा वाजतो तो केवळ लक्ष वेधण्यासाठी. वेळ धरायची ती झेंड्यावरून. शिडाची होडी जागच्या जागी उभी करता येत नाही, त्यामुळे ही पाच मिनिटे प्रत्येक जण रेषेच्या मागे पुढे-मागे करत, दुसऱ्याचा वारा अडवत आणि स्वतःचा राखत घड्याळाकडे पाहत असतो. एखादी होडी क्षणभर आधी रेषा ओलांडून गेली तर तिला परत फिरून यावे लागते. उजव्या बाजूची ती दोन नंबरची होडी पाहा.

वारा मंदावला आणि ओहोटीची ओढ वाढली तर शीड भरलेले दिसूनही होडी मागे सरकते. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या बंदरात भरती-ओहोटीचा फरक पाच मीटरच्या आसपास जातो. अशा वेळी जाणता माणूस गुपचूप नांगर टाकतो, आणि बाकीचे मागे वाहत गेले की तो न हलता पुढे निघालेला असतो.

[दृश्य : संध्याकाळ. मेज, त्यावर खेळण्यातल्या लहान होड्या.]

या खेळात पाण्यावर शिटी फुंकणारा पंच बहुधा नसतो. वाट कोणी द्यायची याचे नियम ठरलेले आहेत. दोन होड्या समोरासमोर आल्या तर ज्या होडीला उजव्या बाजूने वारा लागतो तिला अग्रहक्क असतो, आणि दुसरीने तो मोडला तर तिने स्वतःहून दोन गिरक्या घेऊन चूक फेडायची असते. चूक मान्य नसेल तर तक्रार करणारा तोंडाने तसे सांगतो, लाल झेंडा दाखवतो, आणि संध्याकाळी दोघेही तीन-चार अनुभवी सभासदांसमोर बसतात. मेजावरच्या चिमुकल्या होड्या सरकवत दोघेही आपापली बाजू मांडतात आणि साक्षीदार बोलावले जातात. वारा कुठून होता हे दाखवण्यासाठी कोणीतरी पेन आडवे ठेवते. धक्क्यावर एकमेकांशी न बोललेली ही माणसे निकालानंतर एकाच मेजावर चहा मागवताना आम्ही टिपली आहेत. क्लबाच्या सामाजिक जीवनाबद्दल मेजवान्यांची छायाचित्रे जे सांगत नाहीत ते या खोलीत दिसते.

१९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले तेव्हा शिडाच्या शर्यती मुंबईत घेतल्या गेल्या, आणि एंटरप्राइज वर्गात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले.

[दृश्य : लहान मुले, लहान होड्या. एक होडी उलटते.]

ही होडी ‘ऑप्टिमिस्ट’ वर्गाची. लांबी जेमतेम २.३ मीटर, वजन ३५ किलो, एकच शीड, आणि एकंदर रूप आंघोळीच्या टबाला डोलकाठी लावल्यासारखे. १९४७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या क्लिअरवॉटर गावी एका लोकसेवी मंडळाला गावातल्या मुलांसाठी स्वस्त होडी हवी होती, म्हणून क्लार्क मिल्स या होडी बांधणाऱ्याने प्लायवुडच्या दोन पत्र्यांतून निघेल अशी ही रचना केली. आज जगभरातली मुले पंधराव्या वर्षापर्यंत याच वर्गात शर्यती करतात. पहिला धडा होडी उलटवण्याचा असतो. मुलगा पाण्यात पडतो, जाकीट त्याला वर आणते, तो होडीच्या पोटाखालच्या फळीवर भार देऊन ती सरळ करतो, आत चढतो आणि डबड्याने पाणी उपसतो. शिक्षक जवळच्या नौकेत हात बांधून उभा आहे. ते हात बांधलेले ठेवणे हेच त्याचे काम आहे.

क्लबाच्या वर्तुळाबाहेरच्या मुलांना शिडाची होडी मुंबईत अनुभवायला मिळते ती मुख्यतः सी कॅडेट कोअरसारख्या संस्थांमुळे. १९३८ साली कराचीत सुरू झालेल्या या संस्थेचे कुलाब्यातले केंद्र शाळकरी मुलांना सागरी शिस्त आणि नौकानयन शिकवते. अशा मुलांची संख्या या शहराच्या मानाने फार थोडी आहे. २०२३ मध्ये झालेल्या हांगचौ आशियाई स्पर्धेत शिडाच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर ही देवास जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातली. ती शिकली भोपाळच्या तलावावर, समुद्र नसलेल्या मध्य प्रदेशात, सरकारी प्रशिक्षण केंद्रात. दक्षिण मुंबईत मात्र स्वतःची लहान होडी पाण्यात सोडता येईल असा सार्वजनिक उतार शोधताना दमछाक होते.

[दृश्य : रेडिओ क्लबच्या बाजूचा किनारा.]

याच किनाऱ्यावर, गेटवेजवळ, रेडिओ क्लब या दुसऱ्या एका क्लबाच्या बाजूला, नव्या प्रवासी जेट्टीचे काम मात्र हाती घेण्यात आले आहे. स्थानिक रहिवाशांनी त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली होती. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने काही अटींसह प्रकल्पाला वाट मोकळी करून दिली.

[दृश्य : होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात आहेत. ताडपत्र्या.]

मे महिन्याच्या अखेरीस शर्यती थांबतात. पावसाळ्यातल्या नैर्ऋत्येच्या लाटांमध्ये नांगरलेली लाकडी होडी टिकत नाही, म्हणून त्या बाहेर काढून, खरवडून, सांधे भरून आणि रंगवून पुन्हा ऑक्टोबरच्या सुमारास पाण्यात सोडल्या जातात. या खेळात उतरण्याची इच्छा असलेल्यांनी चौकशीला जायचे तेही त्याच सुमारास, कारण शीड चढवताना आणि होडी पाण्यात ढकलताना हात लागतात ते तेव्हाच. पोहता येणे आवश्यक आहे, जीवरक्षक जाकीट वापरावेच लागते, आणि पायांत घसरणार नाहीत असे रबरी तळव्यांचे बूट हवेत. बाकीचे तांडेल शिकवतो.