चिकाचा झगा

(रात्र. रबराची बाग.)

थायलंडच्या दक्षिणेतला त्रांग प्रांत. पहाटेचे दोन वाजलेत. ऊन तापलं की चीक कमी वाहतो, म्हणून कपाळाला दिवा बांधून साली कोरायचं काम आत्ताच चालतं. आपल्या दोडामार्गातल्या रबराच्या बागा ज्यांनी पाहिल्यात, त्यांना खोडाला बांधलेली ही वाटी ओळखीची वाटेल. १८९९च्या सुमारास याच प्रांतात, कांतांगला, देशातलं पहिलं रबराचं झाड लागलं. आज जगात सर्वाधिक नैसर्गिक रबर थायलंड पिकवतो.

अमोनिया घातला की चीक गोठत नाही. मग त्याचे ताव होतात. हा ताव ०.४ मिलिमीटरचा.

(बँकॉक. टेबलावर काळा ताव, कात्री नाही, गोल पातं.)

इथे सुई चालत नाही. एक भोक पडलं, की ताण बसल्यावर तिथूनच चीर जाते. म्हणून झगा बनवणारी ती तावाच्या कडा पुसून घेते, दोन्हींवर रबराचा गोंद पातळ लावते आणि थांबते. बोटाला ओल लागायला नको, चिकटपणा मात्र हवा. मग कडेवर कड, आणि वरून छोटा रूळ. तिरकं बसलं तर तुकडा वाया. तांब्याची अंगठी तिने आधीच काढून ठेवलीय. तांब्याचा डाग लेटेक्सवरून, म्हणजे या रबरी तावावरून, जात नाही.

लेटेक्सचे कपडे म्हटलं की लोक कुजबुजतात. आम्ही तासभर पाहिलं ते शिवणकामाइतकंच निगुतीचं काम होतं.

ती कथोय आहे, म्हणजे जन्माने पुरुष म्हणून नोंदलेली, पण स्त्री म्हणून जगणारी. काही जणी स्वतःला 'साओ प्रफेत सोंग', दुसऱ्या प्रकारची स्त्री, म्हणवतात. आपल्याकडच्या तृतीयपंथींसारखी गुरू-चेल्यांची घराणी इथे नाहीत. पट्टायात १९७४पासून टिफनीज शोच्या मंचावर कथोय कलाकार झगमगतात, आणि पर्यटकाला तेवढंच दिसतं. दुकानात, कचेरीत, शिकवणीत त्या रोज भेटतात, तिकडे कॅमेरे वळत नाहीत.

जानेवारी २०२५पासून इथे समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता आहे. तिच्या ओळखपत्रावर मात्र नावाआधी अजून 'नाय' आहे. म्हणजे श्रीयुत.

(आरसा.)

आतून पावडर. नखं कापलेली. झगा बोटांच्या पेरांनी, इंच इंच वर. मग सिलिकॉन तेलाचा हात फिरतो आणि काळा रंग पाण्यासारखा चमकू लागतो. डाव्या खांद्यावर एक मंद ठिपका राहिलाय. मैत्रीण तो पुसते.

(निवेदन थांबतं. पाठीची चेन वर सरकल्याचा आवाज.)