बिलांच्या पलीकडचं नुकसान: मेंदू आणि मणक्याच्या दुखापतीनंतर भरपाईचा दावा

नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण रुग्णांचे नातेवाईक आहात, काही जण स्वतः व्हीलचेअरवर आला आहात. त्यामुळे कलमं पाठ करून दाखवण्यात मी वेळ घालवणार नाही. रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला किंवा मणक्याला मार लागल्यावर भरपाईचा दावा नेमका कुठे कमकुवत पडतो, त्याबद्दल बोलतो.

भरपाई एकदाच ठरते. पाच वर्षांनी पाठीला जखम झाली, दहा वर्षांनी फिट्स सुरू झाल्या, म्हणून मोटार अपघातांचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणात पुन्हा जाऊन वाढीव खर्च मागायची सोय मोटार वाहन कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये हे स्पष्ट केलं आणि म्हणूनच पुढच्या उपचारांचा खर्च मूळ निकालातच धरला पाहिजे, असंही सांगितलं. त्याच निकालात आणखी एक दिलासा आहे. अर्जात मागितलेल्या रकमेपेक्षा जास्त भरपाई न्याय्य वाटली, तर न्यायाधिकरण ती देऊ शकतं. पण त्यासाठी समोर पुरावा हवा. आणि आपल्याकडच्या फाइलमध्ये बहुतेक वेळा असतात ती फक्त हॉस्पिटलची आणि मेडिकलची बिलं.

बिलं झालेला खर्च सांगतात. मणक्याच्या दुखापतीचा खरा खर्च डिस्चार्जनंतर सुरू होतो. कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसाला दिवसातून चार-सहा वेळा कॅथेटर घालून लघवी काढावी लागते. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाजवळची कातडी लाल होते आणि बघता बघता हाडापर्यंत जखम जाते. लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. हवेची गादी, व्हीलचेअर, तिची उशी यांतलं काहीही आयुष्यभर पुरत नाही, ठरावीक काळानं बदलावं लागतं. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल, तर मूत्राशय नुसतं तुंबलं तरी रक्तदाब धोकादायक पातळीला जाऊ शकतो. म्हणजे सोबतीला नुसतं माणूस पुरत नाही, हे ओळखणारं माणूस लागतं. दाव्यात यातलं काय लिहिलेलं असतं? ‘अर्जदारास कायमचे अपंगत्व आले असून मानसिक त्रास झाला आहे.’ एवढंच. या एका ओळीवर न्यायाधीशांनी पुढच्या चाळीस वर्षांचा हिशोब कसा करायचा?

मेंदूच्या दुखापतीची अडचण वेगळी आहे. तिथं पेशंट चालतो, बोलतो, हसतो. कपाळामागच्या भागाला मार लागला असेल, तर स्मरणशक्ती बरी राहूनही निर्णयशक्ती, संयम, कामाचा क्रम लावण्याची क्षमता जाऊ शकते. सीटी स्कॅन जवळपास नॉर्मल आणि माणूस मात्र पूर्वीचा नाही, असंही होतं, कारण तंतूंच्या पातळीवरची इजा सीटीत नेहमी दिसत नाही. आता हा माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. विमा कंपनीचे वकील विचारतात: नाव काय? वय किती? मुलं किती? इथं कशानं आलात? तो चारही उत्तरं बरोबर देतो. ‘साक्षीदार सर्व प्रश्नांची समर्पक उत्तरं देतो’ अशी नोंद होते आणि दाव्यातली निम्मी हवा तिथंच जाते. त्याची बायको मागच्या बाकावर बसलेली असते. आज सकाळी त्यानं गॅस पेटवून ठेवला आणि तो अंघोळीला गेला, हे तिला माहीत असतं. ते रेकॉर्डवर कुठेच नसतं.

म्हणून मी प्रत्येक कुटुंबाला एक वही घालायला सांगतो. साधी शाळेची वही. भावना लिहू नका, तारीख टाकून घटना लिहा. ‘मंगळवार. भाजी आणायला पाठवलं, दीड तासानं रिकाम्या हातानं आला, कशाला गेलो होतो ते आठवेना.’ ‘रात्री अडीचला उठून मुलावर धावून गेला, सकाळी काही आठवत नव्हतं.’ अशा सहा महिन्यांच्या नोंदी, त्याला मानसशास्त्रज्ञाकडून करून घेतलेल्या स्मृती, एकाग्रता आणि नियोजनशक्तीच्या तपासण्यांची जोड, आणि कामावरच्या मुकादमाची किंवा सहकाऱ्याची साक्ष: या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की उलटतपासणीतली ती चार बरोबर उत्तरं निष्प्रभ होतात.

आता टक्केवारीकडे येतो, कारण सगळ्यात मोठा घोटाळा तिथं होतो. दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर ५० टक्के लिहिलेलं असलं, की कमाईही ५० टक्केच बुडाली असं धरून हिशोब मांडला जातो. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलं आहे की या दोन गोष्टी एक नव्हेत. शरीराचं अपंगत्व किती हे डॉक्टर सांगतील. त्या अपंगत्वामुळे या माणसाची या कामातली कमाई किती बुडाली हे न्यायाधिकरणानं ठरवायचं.

आकड्यांत बघा. तीस वर्षांचा वायरमन, महिना वीस हजार कमावणारा, स्वतःचा व्यवसाय. वर्षाचे झाले २,४०,०००. वय चाळीसच्या आत आणि स्वयंरोजगार, म्हणून २०१७ च्या घटनापीठाच्या निकालाप्रमाणे भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: ३,३६,०००. या वयाला २००९ पासून लागू असलेल्या तक्त्यात गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ज्यानं गुणायचं तो आकडा, आहे १७. गुणाकार होतो ५७,१२,०००. मृत्यूच्या दाव्यात यातून मृताचा स्वतःचा खर्च वजा करतात. जखमीच्या दाव्यात तो वजा करायचा नसतो. दाखल्यावरचे ५० टक्के तसेच लावले, तर हातात येतात २८,५६,०००. पण हात थरथरणारा, तोल जाणारा माणूस शिडीवर चढून वायरिंग करू शकतो का? नाही. दुसरं काम शिकण्याइतकी एकाग्रता उरली आहे का? तीही नसेल, तर त्याची कमाई १०० टक्के बुडाली आहे. एका प्रश्नाच्या उत्तरावर साडेअठ्ठावीस लाखांचा फरक पडतो, आणि तो प्रश्न डॉक्टरांना साक्षीत विचारलाच जात नाही. नुसता दाखला जोडून भागत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलवा. त्यांना वेळ नसतो, हे खरं आहे. पण ते येईपर्यंत ‘आमचा पुरावा संपला’ असं सांगून पुरावा बंद करू नका.

मदतनीसाचा खर्चही असाच मांडायचा. महिना १२,००० धरले, तर १२ महिने आणि गुणक १७, म्हणजे २४,४८,०००. घरचीच बाई सगळं करते म्हणून हा खर्च शून्य धरला जातो, याचा मला मनापासून राग येतो. तिनं स्वतःची नोकरी सोडलेली असते, पाठ मोडेपर्यंत उचलाउचल केलेली असते. २००७ च्या एका अपघातात बारा वर्षांच्या मुलीच्या मेंदूला इतकी इजा झाली की तिची समज नऊ महिन्यांच्या बाळाएवढी राहिली. न्यायाधिकरणानं तिला सुमारे ११ लाख दिले, उच्च न्यायालयानं २५ लाखांच्या वर नेले, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ६२ लाखांपर्यंत. मदतनीसाचा खर्च ठोक न देता गुणक लावून काढला, हे त्या निकालातलं महत्त्वाचं पाऊल. तुमच्या वकिलांना तो निकाल शोधून दाखल करायला सांगा.

मुदतीबद्दल. मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आणि अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायची अट आली. तिला न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण तुम्ही सहा महिने हीच मुदत धरून चाला. पेशंट बेशुद्ध असेल किंवा स्वतःचं हित समजण्याच्या स्थितीत नसेल, तर जवळचा नातेवाईक त्याच्या वतीनं, म्हणजे वादमित्र म्हणून, अर्ज करू शकतो. अपघात कुठेही झालेला असो, तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही अर्ज चालतो. एफआयआर, पंचनामा, गाडीची विमा पॉलिसी हे कागद पोलिसांकडून लवकर मिळवा. पहिल्या केसपेपरवर बेशुद्धीची नोंद आणि शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो स्केलचा आकडा आहे का, तेही बघून ठेवा. तीन ते पंधरा अशा या मापात आठ किंवा त्याखालचा आकडा गंभीर दुखापत दाखवतो, आणि तो नंतर कुणाला बदलता येत नाही.

अर्ज लवकर करा, पण दावा संपवायची घाई करू नका. मणक्याच्या दुखापतीत जी सुधारणा व्हायची, तिचा मोठा भाग पहिल्या वर्षात होतो. मेंदूचं चित्र स्पष्ट व्हायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. त्याआधी तडजोडीचा प्रस्ताव येतो. घरावर कर्ज झालेलं असतं, सात लाख ऐकून हायसं वाटतं, आणि लोकअदालतीत सही होते. लोकअदालत वाईट नाही, साध्या फ्रॅक्चरला उत्तम आहे. पण तिथल्या निवाड्याविरुद्ध अपील नसतं. ज्या पेशंटचं अजून किती बिघडणार वा सुधारणार हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत, त्याच्यासाठी ती सही फार महाग पडते.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये येऊन ‘फी काही नको, मिळेल त्यात टक्के द्या’ म्हणणाऱ्यांच्या हाती वकीलपत्र देऊ नका. निकालातल्या रकमेत वाटा ठरवून फी घ्यायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. पैसे नसतील, तर जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला, मुलं, दिव्यांग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींमधल्या व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन केला तरी माहिती मिळते.

निकालानंतर मोठी रक्कम बहुधा बँकेत मुदत ठेवीत ठेवली जाते आणि व्याज दरमहा खात्यात येतं. यावर काही कुटुंबं चिडतात; मला ती तरतूद योग्य वाटते, कारण स्वतःचे व्यवहार न कळणाऱ्या माणसाच्या नावावरचे पैसे किती वेगानं संपतात, ते मी पाहिलं आहे. नवी व्हीलचेअर, शस्त्रक्रिया, घराला रॅम्प अशा कारणासाठी ठेव मोडायला न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अर्जाला डॉक्टरांचं पत्र आणि कोटेशन जोडा. आता तुमचे प्रश्न घेऊ, कागद बरोबर आणले असतील तर काढून ठेवा.