दोनशे फुटांत अख्खा पिक्चर

नमस्कार मंडळी! आज जरा आडवाटेचा विषय घेतलाय. व्हिडिओ कॅसेट यायच्या आधी, म्हणजे ती काळी जाडजूड व्हीएचएस यायच्याही आधी, पिक्चर विकत आणून घरी बघता यायचा का? अमेरिकेत, इंग्लंडात, युरोपात यायचा की! कॅमेऱ्याच्या दुकानात फोटोच्या रोलशेजारीच पुठ्ठ्याचे छोटे खोके मांडलेले असायचे, वर रंगीत चित्र आणि आत आठ मिलिमीटरच्या फिल्मचं रीळ. ते आणायचं, प्रोजेक्टरला चढवायचं, दिवे घालवायचे आणि भिंतीवर लॉरेल-हार्डी. हे रीळ विकणाऱ्या कंपन्यांचा मोठा धंदा होता आणि तो कसा संपला, आज तेच सांगणार आहे.

आपल्याकडे घरात प्रोजेक्टर म्हणजे एखादा संस्थानिक नाहीतर मुंबईतला बडा शेठ. बाकी आपण सगळे गणपतीत गल्लीत पांढरा पडदा बांधून सोळा एमएमचा पिक्चर बघणारे, पुढे जागा नाही मिळाली तर पडद्याच्या मागे बसायचं, तिथून हिरो डावखुरा दिसायचा पण मारामारी तीच. असो.

तर अमेरिकेत यात पहिलं मोठं नाव म्हणजे कॅसल फिल्म्स. युजीन कॅसल हा मूळचा न्यूजरीलवाला माणूस, त्यानं १९३७ मध्ये घरी बघायची रीळं विकायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात हिंडेनबर्ग हे अवाढव्य हवाई जहाज न्यू जर्सीत उतरता उतरता पेटलं. त्याचं रीळ कॅसलनं बाजारात आणलं आणि ते धडाक्यात खपलं. अपघात विकला जातो हे टीव्हीवाल्यांनी शोधून काढलं असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे. पुढे १९४७ मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओनं ही कंपनीच घेऊन टाकली, मग फ्रँकेन्स्टाइन, ड्रॅक्युला, ममी सगळे लोकांच्या दिवाणखान्यात शिरले.

आता यातली खरी गंमत ऐका. सुपर एटचं, म्हणजे आठ मिलिमीटर फिल्मच्याच एका प्रकाराचं, दोनशे फुटी रीळ सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगानं फिरवलं की बरोब्बर दहा मिनिटं चालतं. म्हणजे दीड-दोन तासांचा पिक्चर दहा मिनिटांत बसवायचा! हिरोईन कोण, व्हिलन का चिडलाय, हे सांगायला वेळच नाही, डायरेक्ट राक्षस उठतो, गाव मशाली घेऊन धावतं, द एंड. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ आला तेव्हा केन फिल्म्स नावाच्या कंपनीनं त्याचंही असंच छोटं रीळ काढलं, आणि तुमच्या खिशाप्रमाणे रंगीत बोलकं घ्या नाहीतर काळं-पांढरं मुकं घ्या. मुका ‘स्टार वॉर्स’! आज हसू येतं, पण ज्या पोराला थिएटर सोडून दुसरीकडे कुठेच तो पिक्चर परत दिसणार नव्हता त्याच्यासाठी ती दहा मिनिटं म्हणजे खजिना होता. आणि कापणाऱ्याचंही कौतुक करा राव, कारण काय ठेवायचं हे कळायला पिक्चर कळावा लागतो.

दुसरं घराणं याच्या अगदी उलट. आयोवातल्या डॅव्हेनपोर्ट गावातली ब्लॅकहॉक फिल्म्स, केंट ईस्टिन नावाच्या गृहस्थांची. हे सगळं पोस्टानं चालायचं, घरोघरी कॅटलॉग जायचे, त्यात बारीक टायपात मूकपटांची यादी आणि प्रत्येकाखाली माहिती, म्हणजे कुणी काढला, कधी काढला. रिळाच्या सुरुवातीलाही इतिहासाच्या पाट्या जोडलेल्या असायच्या. ईस्टिनसाहेबांना रेल्वेचं वेड, म्हणून कॅटलॉगमध्ये वाफेच्या इंजिनांची रीळंही हजर. मोठे स्टुडिओ आपले मूकपट अडगळीत टाकून विसरले होते, तेव्हा हा माणूस ते पोस्टानं लोकांच्या घरी पोचवत होता.

मग हे सगळं बुडालं कसं? सगळे म्हणतात व्हिडिओनं मारलं. खरंय, पण अर्धंच. १९७७ मध्येच, ज्या वर्षी कॅसलचं नाव बदलून युनिव्हर्सल एट केलं गेलं त्याच वर्षी, मिशिगनमधल्या आंद्रे ब्ले नावाच्या माणसानं हॉलिवूडच्या फॉक्स स्टुडिओचे पन्नास पिक्चर व्हिडिओ कॅसेटवर आणले, एकेक पन्नास डॉलरच्या आसपास. आता तुम्हीच हिशोब करा, दोन तासांचा पिक्चर सुपर एटवर पुरा घ्यायचा तर चारशे फुटांची सहा रीळं, किंमत शेकड्यांत, शिवाय पाच वेळा उठून रीळ बदला. आणि इकडे एक कॅसेट, दाबलं बटण, झालं. त्यात फिल्म बनते चांदीच्या क्षारांवर. १९७९ च्या सुरुवातीला औंसाला सहा डॉलरच्या आसपास असलेली चांदी जानेवारी १९८० मध्ये पन्नासला टेकली, अमेरिकेतल्या हंट बंधू या धनाढ्य भावांनी साठेबाजी करून भाव चढवला होता. कच्ची फिल्म महागली. म्हणजे कॅसेट स्वस्त होत चाललेली आणि रीळ महाग होत चाललेलं, अशा कात्रीत कुठला दुकानदार रीळं मांडून ठेवेल?

युनिव्हर्सल एटनं ऐंशीच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांतच गाशा गुंडाळला. ब्लॅकहॉक तर १९७५ मध्येच ली एंटरप्रायझेस या वर्तमानपत्रवाल्या कंपनीला विकली गेली होती, तिनंही पुढे कॅसेटी विकून पाहिल्या. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडनंतर तेच झालं की, व्हीसीआर आणि कलर टीव्ही भाड्यानं आणून रात्रभर तीन पिक्चर बघायची चाल पडली आणि गल्लीतला पडदा गेला.

पण मला या शेवटाबद्दल एक गोष्ट फार भारी वाटते. धंदा बुडत होता त्याच वर्षांत माल सगळ्यात चांगला निघत होता! आधीचा गिऱ्हाईक म्हणजे वाढदिवसाला पोरांना रमवणारा बाप, तो कॅसेटकडे गेला. उरले ते पक्के शौकीन, आणि त्यांना दहा मिनिटांचा तुकडा नको होता, त्यांना पुरा पिक्चर हवा होता, मूळ रंगात, चांगल्या आवाजात. त्यांच्यासाठी टिकून राहिली इंग्लंडातल्या डडली गावची डेरान फिल्म सर्व्हिसेस. डेरेक आणि अ‍ॅन या नवरा-बायकोची कंपनी, दोघांची नावं जोडून डेरान. मजा बघा, यांनी स्वतःही व्हिडिओ कॅसेटचा धंदा केला पण फिल्म सोडली नाही. डिस्नेचे पिक्चर सुपर एटवर काढले, ‘द लायन किंग’सारखा १९९४ चा पिक्चरसुद्धा. १९९४ चा! तोवर सामान्य माणूस सुपर एट विसरूनही गेला होता.

आवाजाचं तंत्रही ऐकण्यासारखं आहे. फिल्मच्या कडेला टेपसारखी एक चुंबकीय पट्टी चिकटवायचे, आवाज त्यावर. पण एकाच कडेला पट्टी लावली तर रीळ एका बाजूनं फुगतं, म्हणून दुसऱ्या कडेला अजून एक बारीक पट्टी लावायचे, नुसती जाडी सारखी व्हावी म्हणून. पुढे कुणाच्या तरी डोक्यात आलं, अरे इथे पण आवाज भरता येईल, आणि झाला स्टीरिओ. डेरानची स्टीरिओ रीळं निघाली ती याच पट्टीच्या जिवावर. कंपनी एकविसाव्या शतकातही बरीच वर्षं रीळं विकत राहिली आणि मग तिचंही शटर पडलं.

ब्लॅकहॉकचं नशीब जरा बरं. तिथेच पूर्वी नोकरी केलेल्या डेव्हिड शेपर्ड यांनी पुढे तो सगळा फिल्मसाठा विकत घेतला आणि त्यातून कितीतरी मूकपट दुरुस्त करून डीव्हीडीवर आणले. २०१७ मध्ये ते गेले.

बाकीची रीळं जुन्या बाजारात फिरतायत. कुणी परदेशातून घेणार असाल तर एक सांगतो. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच रंगीत प्रिंटांचे निळे-हिरवे रंग उडून आता नुसता गुलाबी-लाल उरलाय, आणि अ‍ॅसिटेट नावाच्या प्लॅस्टिकची फिल्म सडायला लागली की डब्यातून व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, तो शेजारच्या चांगल्या रिळालाही लागतो. तेव्हा पैसे द्यायच्या आधी सुरुवातीचे दोन फूट उजेडात धरून बघा आणि झाकण उघडून वास घ्या. पॉलिएस्टरची प्रिंट मिळाली तर वासाची भीती नाही, फक्त ती तुटत नाही, म्हणून प्रोजेक्टरमध्ये अडकली तर आधी मोटर बंद करा, नाहीतर प्रोजेक्टरच तुटायचा.