छोटं ऑफिस, मोठं घर

(ठाण्याच्या नौपाड्यात तरुण इंटिरिअर डिझायनरांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, छोट्या ऑफिसने मोठ्या घरांची कामं कशी मिळवायची, हा आजचा विषय. त्यातलं इन्स्टाग्रामचं आधी उरकून टाकतो. फोटो चांगले काढा, नियमित टाका, फोटोग्राफरचे पैसे वाचवू नका. झालं. चार-पाच कोटींचा फ्लॅट घेतलेला माणूस रील बघून फार तर फोन करतो. काम देतो ते चार जणांना विचारून. आणि त्या चौकशीत ‘डिझाइन कसं करतात’ हा प्रश्न बराच मागे असतो. आधी विचारतात, ‘माणूस हिशेबाला कसा आहे?’

म्हणून माझं आजचं सांगणं एकच आहे. दुकानदाराकडून मिळणारं कमिशन सोडा आणि फी तोंडाने मागा.

कुजबुज सुरू झाली! होणारच. प्लायवाला देतो, टाइलवाला देतो, लाइटवाला तर न मागता पाकीट घरी पाठवतो. आपल्या धंद्यात कित्येक ऑफिसांचं भाडं त्यातूनच निघतं, हे मला माहीत आहे. पण आपल्या भागात पैसेवाला क्लायंट कोण आहे, ते बघा. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये वडिलांनी छोटा कारखाना काढला, मुलाने वाढवला आणि आता पोखरण रोडला किंवा कोलशेतला मोठं घर घेतलं. तिकडे नवी मुंबईत पाम बीच रोडवर वाशीच्या एपीएमसीतला, म्हणजे घाऊक बाजारातला व्यापारी. ज्याचे वडील मसजिद बंदरला गादीवर बसायचे, तो. या माणसांची हयात माल घेण्या-विकण्यात गेली आहे. तुमचं प्लायचं बिल हातात घेतलं की आत कोणाचा वाटा आहे, हे त्याला चष्मा न लावता दिसतं. तो बोलत नाही. काम पूर्ण करून घेतो, दिवाळीला मिठाईही पाठवतो. फक्त भावाच्या घराच्या वेळी तुमचं नाव सुचवत नाही.

मागून एक ताई विचारतायत, कमिशन सोडलं तर ऑफिस कसं चालवायचं? रास्त प्रश्न आहे. सरळ आकडा मांडू. समजा घराचं काम एक कोटीचं आहे, त्यातला साठ लाखांचा माल आहे आणि तुम्हाला दहा टक्के मिळतात. म्हणजे सहा लाख. तेवढे सहा लाख फीमध्ये वाढवून मागा, त्यावर १८ टक्के जीएसटी लावा, आणि मालाची बिलं थेट क्लायंटच्या नावाने येऊ द्या. दुकानदार जो वाटा तुम्हाला देणार होता, ती सूट म्हणून बिलावर दिसू दे. क्लायंटच्या खिशातून जवळपास तेवढेच पैसे जातात. पण आता तुम्ही टेबलाच्या त्याच्या बाजूला बसलेले असता.

फी टक्क्यांत घेऊ नका, हेही माझं मत. एकूण खर्चाच्या टक्क्यांवर फी घेतली की महाग नळ सुचवताना तुमच्यावर संशय येतो, मग तो नळ खरोखरच चांगला असला तरी. कार्पेट एरियावर एकरकमी फी ठरवा, टप्पे लिहा, अॅडव्हान्स घेतल्याशिवाय ड्रॉइंग देऊ नका. घासाघीस होईल, होऊ द्या. व्यापारी माणूस घासाघीस केल्याशिवाय जेवतही नाही. काही जण ‘फी कशाला, बाकीचे फुकट ड्रॉइंग देतात’ म्हणून उठून जातील. त्यांना लिफ्टपर्यंत सोडून या.

उघडा हिशेब म्हणजे नुसती बिलं नव्हेत. स्वयंपाकघरात नि बाथरूमच्या जवळ आपण मरीन, म्हणजे ओल सोसणारा प्लाय लिहितो. त्यावर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असतो, साध्या प्लायवर आयएस ३०३ चा. लॅमिनेट चढलं की दोन्ही सारखेच दिसतात! तेव्हा चढायच्या आधी शिक्क्याचा फोटो काढून क्लायंटला पाठवा, त्याने मागितला नसला तरी.

इटालियन मार्बलचं तर विचारूच नका. सिल्वासाला यार्डात क्लायंटला स्वतः घेऊन जा. एका ब्लॉकच्या स्लॅब सलग निवडा, नंबर टाका, मागच्या बाजूला तुमची आणि क्लायंटची सही करा. घरी आलेला माल हाच आहे, हे दोघांनाही दाखवता आलं पाहिजे. आल्यावर आधी कोरडा मांडून बघा, नक्षी जुळते का ते क्लायंटच्या घरच्यांना दाखवा, मगच बसवा. आणि पांढऱ्या दगडाखाली पांढरंच सिमेंट. मिस्त्री म्हणेल, ‘साहेब, करड्याने काही होत नाही.’ होतं. डाग वर यायला वेळ लागतो, आणि तोवर मिस्त्री गावी गेलेला असतो. हे सगळं बघायला तुम्ही स्वतः उभे असता, ही छोट्या ऑफिसची खरी ताकद आहे. मोठ्या स्टुडिओत मालक पहिल्या मीटिंगला दिसतो, पुढे ज्युनिअर येतात. पैसेवाल्या माणसाला हे फार खुपतं. म्हणून एका वेळी दोन-तीनच मोठी कामं घ्या आणि तसं क्लायंटला सांगा.

२०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाल्यापासून दक्षिण मुंबईतल्या स्टुडिओंना नवी मुंबई लांब राहिलेली नाही. त्यांची थ्रीडी चित्रं तुमच्यापेक्षा देखणी असतील. पण आपली इमारत आपल्याला माहीत असते. घोडबंदरच्या कित्येक नव्या टॉवरमध्ये भिंती मायवानच्या आहेत, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात स्लॅबसोबतच ओतलेल्या काँक्रीटच्या. त्यात वायरिंगचे पाइप आधीच गाडलेले असतात. स्विचबोर्ड चार फूट सरकवायला भिंतीला झिरी मारता येत नाही, आणि भिंत पाडायचं तर नावच काढायचं नाही. ज्याला हे पहिल्या भेटीत सांगता येतं, पॅनेलिंगच्या मागून वायर कशी नेणार ते कागदावर काढून दाखवता येतं, त्याच्याकडे क्लायंट वळून बघतो. तसंच डायनिंग टेबलचा अख्खा दगड सर्व्हिस लिफ्टमध्ये मावतो का, सोसायटी काम किती वाजेपर्यंत करू देते, खाडीच्या बाजूच्या खाऱ्या हवेत बाल्कनीला नेहमीचं ३०४ ग्रेडचं स्टील टिकेल की गंज जास्त सोसणारं ३१६ लागेल. हे थ्रीडी चित्रात दिसत नाही.

फोटोंबद्दल एक राहिलं. असे बरेच क्लायंट घराचे फोटो टाकू देत नाहीत. कपाटामागची तिजोरी कुठे आहे, हे जगाला का दाखवावं? तुम्हीच आधी म्हणा, ‘तुमच्या परवानगीशिवाय एकही फोटो बाहेर जाणार नाही,’ आणि करारात लिहा. पोर्टफोलिओत मग काय दाखवायचं? जोडणीचे तपशील, ड्रॉअर आतून कसा केला ते, आजोबांच्या बाथरूममध्ये धरायच्या दांडीची उंची कशी ठरवली ते.

आणि हो, पहिलं मोठं काम मिळेपर्यंत काय करायचं, असा प्रश्न चिठ्ठीवर आलाय. पहिल्याच फटक्यात कोणी चार हजार फुटांचं घर हातात देत नाही. त्याच माणसाची वागळेतली केबिन मागा. नाहीतर त्याच्या डॉक्टर सुनेचं क्लिनिक. दोनशे-तीनशे फुटांचं काम, तारीख पाळा, शिल्लक राहिलेल्या लॅमिनेटचे शीट मोजून परत करा आणि त्याची पावती फाइलला लावून द्या. केबिनमध्ये दिवसभर पुरवठादार, बँकवाले, व्याही-सोयरे येऊन बसतात. कोणी ना कोणी विचारतंच, ‘हे कोणी केलं?’ तेव्हा तुमचं नाव तो घेईल. तुमच्यासमोर नाही, पण घेईल. पुढची चिठ्ठी द्या.