रंगवलेल्या भिंतीत स्विचचा बॉक्स

चार इंची विटांची भिंत. वर साधारण 12 मिलिमीटर प्लास्टर, त्यावर पुट्टी आणि रंग. इथे बसवायचाय तीन मॉड्यूलचा, म्हणजे तीन स्विच मावतील एवढा, लोखंडी बॉक्स: उंची सुमारे 75 मिलिमीटर, खोली 50.

आधी जागा. जुन्या बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली पाइप गेलेला असतो. तो पट्टा सोडायचा. पलीकडच्या खोलीत त्याच जागी बॉक्स असेल, तर दोन बॉक्समध्ये वीट जेमतेमच उरेल, तेव्हा बाजूला सरकायचं. आणि कॉलमला हात लावायचा नाही. कॉलमच्या सळईवर काँक्रीटचं कव्हर साधारण 40 मिलिमीटर, वर 12 चं प्लास्टर, आणि बॉक्ससाठी खाच 55 खोल. म्हणजे सळई आडवी येणार, आणि ती कापणं हा पर्यायच नव्हे.

मेन स्विच बंद. कटरला वीज दुसरीकडून घ्यायची.

बॉक्स भिंतीला धरून, लेव्हल लावून, पेन्सिलीने चौकट आखायची. बाहेर दोन-तीन मिलिमीटरच जास्त, कारण स्विचची वरची प्लेट बॉक्सच्या कडेबाहेर फार झाकत नाही.

बहुतेक भिंती बिघडतात त्या इथे, कटर चालवताना. पातं गोल आहे. 110 मिलिमीटरचं पातं 30 मिलिमीटर आत गेलं, की पृष्ठभागावर 98 मिलिमीटर लांब चीर पडते. आपली बाजू मात्र 75 ची! चीर कोपऱ्याबाहेर धावते आणि प्लेटखालून डोकावते. 75 मध्ये राहायचं तर खोली 15 च्या आत हवी. म्हणून कटरने फक्त प्लास्टर कापायचं. तेवढ्याने रंगाची कड सरळ सुटते, पापुद्रे निघत नाहीत.

विटेचं काम ड्रिलचं. 6 मिलिमीटरच्या बिटवर 55 मिलिमीटरवर टेप गुंडाळायची. कडेने आणि मधे जवळजवळ भोकं पाडायची. मग छिन्नी, मधून कडेकडे, हलक्या ठोक्यांनी. घणासारखे घाव घातले, तर पलीकडचं प्लास्टर फुगून सुटतं. हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकची भिंत असेल तर वीट फोडण्याइतका जोर लागतच नाही. जिप्सम बोर्डाला तर टोकदार हातकरवत पुरते, आणि तिथे बॉक्सही पंजे असलेला वेगळा लागतो.

धूळ झाडून खाच पाण्याने ओली करायची. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते, मग बॉक्स हलतो. पाइपसाठीची झाकणं आधीच ठोकून काढायची, आत कागद कोंबायचा, नाहीतर स्क्रूचे आटे सिमेंटने बुजतात. मसाला एकास तीन, सिमेंट आणि वाळू. पीओपी लवकर धरतं, हे खरं. पण ओल लागली की त्यातला लोखंडी बॉक्स गंजतो.

बॉक्सची कड प्लास्टरच्या बरोबरीत. बाहेर राहिली तर प्लेट टेकत नाही, फार आत गेली तर स्क्रू पोचत नाही. मसाला घट्ट झाल्यावरच वायर ओढायच्या, आणि अर्थिंगची वायर बॉक्सलाही जोडायची.