चाल कुणाची गायची?

श्रोतेहो, नमस्कार.

एका गाण्याच्या चालीपायी चर्चमध्ये रक्त सांडलं, ही गोष्ट आहे १०८३ सालची. इंग्लंडच्या सॉमरसेट भागातल्या ग्लास्टनबरी मठातली.

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. जमिनी गेल्या, गढ्या गेल्या, आणि हळूहळू मठांच्या गाद्यांवरही समुद्रापलीकडची माणसं येऊन बसली. १०७० मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप झालेले लॅनफ्रँक मोठे विद्वान. मठांना त्यांनी शिस्त लावली, नवी नियमावली घालून दिली. नव्या राजवटीतून चांगलं काही आलंच नाही, असं मी म्हणणार नाही. पण ग्लास्टनबरीला मठाधिपती म्हणून आला तो थर्स्टन. हा नॉर्मंडीतल्या काँ शहरच्या मठातला.

त्यानं हुकूम सोडला: तुमचं जुनं ग्रेगोरियन गायन, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनांच्या जुन्या चाली, बंद; यापुढे नॉर्मंडीतल्या फेकां इथल्या विल्यमची (हा विल्यम राजा नव्हे) पद्धत. आता विचार करा. मठात रात्रंदिवस ठरल्या वेळी प्रार्थना गायच्या. त्या चाली गुरूच्या तोंडून ऐकत, वर्षानुवर्षं घोकून गळ्यात बसलेल्या. मठवासी ‘नाही’ म्हणाले. आधी त्यांनी विनवणीच केली होती. आम्हाला नीट वागवा, आम्ही तुमच्या आज्ञेत राहू, असं सांगितलं होतं.

एके दिवशी मठाच्या सभेत वाद पेटला आणि थर्स्टननं हत्यारबंद माणसं आत बोलावली. मठवासी चर्चमध्ये पळाले, दारं लावून घेतली. शिपाई तिथंही घुसले. काही जण वरच्या सज्जात चढले आणि वेदीच्या दिशेनं बाण सोडू लागले. वेदीवरच्या क्रुसात बाण रुतले. कुणी वेदीखाली सरपटत शिरलं, कुणी देवाचा धावा करत होतं, कुणी हाताला लागलेलं बाक नाहीतर मेणबत्तीचं घर उचलून प्रतिकार करत होतं. त्या काळच्या इंग्रजी बखरीत लिहिलंय, वेदीवरून रक्त पायऱ्यांवर आलं आणि पायऱ्यांवरून जमिनीवर. तिघं मेले, अठरा जखमी झाले.

हे वाचताना मला प्रत्येक वेळी ते क्रुसातले बाण दिसतात. शिपाईही त्याच ख्रिस्ताला मानणारे होते.

राजा विल्यमनं थर्स्टनला काँच्या मठात परत धाडलं. पण मार खाल्लेल्या मठवाशांपैकीही कितीतरी जणांना दुसऱ्या मठांत नजरकैदेत पाठवलं, हा न्याय मला अजून बोचतो.

१०८७ मध्ये विल्यम वारला, त्याचा मुलगा विल्यम रूफस गादीवर आला. थर्स्टननं त्याला पाचशे पौंड चांदी मोजली आणि ग्लास्टनबरीची गादी पुन्हा मिळवली.