काकांचा गोठा

श्रोतेहो, नमस्कार.

वैशाखातली दुपार होती. आमच्या गावात कुटाराची गंजी पेटली आणि त्यात वारा सुटलेला. गंजी आणि घरांची ओळ यांच्या मधे शेजारच्या काकांचा गोठा, वर तुराट्यांचं छप्पर. काका लग्नाला परगावी गेलेले. बाबांनी आधी बैल सोडले, मग चारपाच जणांना घेऊन ते छप्परच ओढून पाडलं. आग तिथंच अडली. रात्री माय कंदिलाजवळ बसून बाबांच्या तळहातांतल्या तुराटीच्या कुसा सुईनं काढत होती.

दुसऱ्या दिवशी काका ओसरीवर आले. "माह्या गोठ्याले हात लावाले तुमाले कोनं सांगतलं?"

बाबा म्हणाले, "दुसरा इलाज असता तं नसता लावला, दादा."

म्हाताऱ्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. विहिरीच्या पाण्यानं भागलं असतं का? आणि गंजी पेटली कोणाच्या हातानं? ठिणगी बाबांच्या चिलमीची असती, तर न्याय उलटा लागला असता.

गंज्या आजही घराला खेटून रचतात. मला हे अजिबात पटत नाही. कुटार चार पावलं लांब वाहा हो!

तर, देशांच्या कायद्यातही हाच प्रश्न येतो: निकड होती म्हणून नियम मोडला, हा बचाव चालतो का? संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगानं देशांच्या जबाबदारीवर केलेल्या २००१ च्या मसुद्यातलं २५ वं कलम म्हणतं, त्यासाठी संकट गंभीर आणि अगदी दारात आलेलं हवं, आणि दुसरा मार्ग नसावा. पुन्हा सांगतो, दुसरा मार्ग नसावा. दुसऱ्या देशाच्या जिवावर बेतेल असं काही करायचं नाही, आणि संकट ओढवण्यात आपला हात नको.

उदाहरण घ्या. १९६७ मध्ये 'टॉरी कॅनियन' हे लायबेरियाचं निशाण लावलेलं तेलवाहू जहाज कॉर्नवॉलजवळ खडकावर चढलं. ते ओढून काढायचे प्रयत्न फसले. किनाऱ्यावर तेल पसरत होतं. मग ब्रिटननं ते जहाज बॉम्ब टाकून पेटवलं.

हंगेरीचा निकडीचा बचाव मात्र टिकला नाही. डॅन्यूब नदीवर धरणं बांधायचा तिचा चेकोस्लोव्हाकियाशी १९७७ चा करार होता. १९८९ मध्ये हंगेरीनं पर्यावरणाचा धोका सांगून काम थांबवलं. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं निकडीचं तत्त्व मान्य केलं, पण म्हटलं की धोका अजून दारात आलेला नव्हता, इतर उपाय होते, आणि ही वेळ येण्यात हंगेरीचाही हातभार होता.

बचाव मान्य झाला तरी भरपाईचा प्रश्न २७ वं कलम उघडाच ठेवतं. आमच्याकडे तो पावसाआधी मिटला. बाबांनी आमच्या वावरातल्या तुराट्या बंडीत भरून नेल्या, आणि काकांसोबत दोन दिवस बसून छप्पर शाकारून दिलं.